परवाना नसलेल्या टाकीखालचे पाणी

पेट्रोल पंपाचा खरा संसार जमिनीखाली असतो. वर दिसतात ती यंत्रे, उंच छप्पर, दरांचा फलक आणि वाहनांची रांग. ज्या टाक्यांतून हे इंधन वर येते त्या एकदा पुरल्या म्हणजे पुढे वीस-तीस वर्षे त्यांचे दर्शन कोणालाही होत नाही. आणि जी वस्तू दिसत नाही तिच्याविषयी कायदा करणे व तो पाळला जातो की नाही हे पाहणे, ही दोन्ही कामे अवघड असतात. कारखान्याचे धुराडे दिसते, नदीत सोडलेले सांडपाणी दिसते. त्याविरुद्ध गावकऱ्यांना तक्रार तरी करता येते. टाकीची गळती मात्र पुष्कळदा तिच्या मालकालाही कळत नाही. ती कळते शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला म्हणजे. आणि तोवर कित्येक वर्षे निघून गेलेली असतात.

या प्रश्नाला अमेरिकेने गेली चाळीस वर्षे तोंड दिले आहे. तेथे टाक्यांसाठी परवाने आले, तपासणी आली, इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर कर बसवून गळतीच्या सफाईसाठी निधी उभे राहिले. मग या निधीतून पैसे कोणाला द्यावयाचे असा प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित झाला. ज्याने परवाना घेतला, नियम पाळले, त्याला द्यावेत, हे उत्तर सोपे आहे. परंतु ज्याने परवाना घेतलाच नव्हता त्याच्या टाकीतून पेट्रोल झिरपले असेल तर काय करावयाचे? त्याला मदत नाकारावी तर घाण जमिनीत राहते; मदत द्यावी तर परवाना घेणारे मूर्ख ठरतात. वरवर पाहता हा कारकुनी प्रश्न आहे. वास्तविक या एका प्रश्नात दंड, न्याय आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडलेली आहे, आणि ती सोडविण्याचे अमेरिकेतील निरनिराळ्या राज्यांचे प्रयत्न आपण नीट पाहावेत असे आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मोटारींचे युग भरभराटीस आले तेव्हा रस्तोरस्ती पंप निघाले आणि त्यांच्याखाली साध्या पोलादी टाक्या पुरल्या गेल्या. पोलाद ओल्या मातीत राहिले की गंजते, हे त्या वेळीही कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु आगीची भीती मोठी होती, आणि आगीपासून बचाव म्हणून इंधन जमिनीखाली ठेवणे हाच शहाणपणा समजला जात होता. म्हणजे एका संकटावरील उपायाने दुसरे संकट पेरले. १९८० च्या सुमारास या टाक्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली होती आणि त्यांतील पुष्कळशा वयाने थकल्या होत्या. त्याच वर्षी विषारी कचऱ्याच्या जागा साफ करण्यासाठी ‘सुपरफंड’ या नावाने ओळखला जाणारा मोठा कायदा झाला. पण त्यातून खनिज तेल वगळण्यात आले. परिणामी देशातील सर्वांत सार्वत्रिक अशा भूजलप्रदूषणाला त्या कायद्यात जागाच राहिली नाही.

ही उणीव १९८४ मध्ये भरून काढण्यात आली. त्या वर्षी घनकचऱ्याविषयीच्या संघीय कायद्यात दुरुस्ती होऊन भूमिगत टाक्यांचे स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. १९८६ मध्ये गळक्या टाक्यांसाठी संघीय विश्वस्त निधी स्थापन झाला आणि त्यासाठी दर गॅलनला एक सेंटचा दहावा हिस्सा एवढा कर बसविण्यात आला. (अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे पावणेचार लिटर.) १९८८ मध्ये तपशीलवार नियम प्रसिद्ध झाले. जुन्या टाक्यांना गंजप्रतिबंधक व्यवस्था बसवा, नाही तर त्या काढून टाका, असा आदेश देऊन मालकांना २२ डिसेंबर १९९८ पर्यंतची दहा वर्षांची मुदत दिली गेली. या काळात व त्यानंतर अठरा लाखांहून अधिक टाक्या बंद झाल्या. आज सुमारे साडेपाच लाख टाक्या नियमांखाली चालू आहेत. गळतीची जी प्रकरणे सिद्ध झाली त्यांची संख्याही साडेपाच लाखांच्या पुढे आहे. त्यांपैकी पाच लाखांहून अधिक ठिकाणची सफाई पुरी झाली असून सुमारे पन्नास-साठ हजार जागा अजून शिल्लक आहेत.

नियम कोणत्या टाकीला लागू होतात हेही पाहण्याजोगे आहे. टाकी आणि तिला जोडलेले नळ यांच्या एकूण घनफळापैकी दहा टक्के भाग जरी जमिनीखाली असला तरी ती टाकी भूमिगत ठरते. इतकी काटेकोर व्याख्या करणाऱ्या त्याच कायद्याने शेतावरील व घरगुती वापराची, विक्रीसाठी नसलेली, ११०० गॅलनपर्यंतची मोटार इंधनाची टाकी मात्र नियमांतून सोडून दिली. घर उबदार ठेवण्यासाठी लागणारे तेल त्याच जागी वापरण्याकरिता साठविणाऱ्या टाक्यांनाही सूट मिळाली. शेतातील टाकीतून झिरपणारे पेट्रोल पंपाच्या टाकीतील पेट्रोलपेक्षा सौम्य असते असे कोणी म्हणणार नाही. एवढ्या लाखो टाक्या तपासण्याइतके निरीक्षक कोठून आणावयाचे, आणि शेतकऱ्याची मते कशी दुखवावयाची, ही त्यामागची कारणे होती. तीही कायद्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हेत.

गळती ओळखण्याची जी पद्धत प्रारंभी मान्य होती ती आपल्याकडील पंपचालकांना परकी वाटणार नाही. टाकीत पट्टी सोडून रोज साठा मोजावयाचा, म्हणजे आपण ज्याला ‘डिप घेणे’ म्हणतो ते करावयाचे, आणि विक्रीच्या आकड्यांशी महिनाअखेर मेळ घालावयाचा. तापमानाप्रमाणे पेट्रोलचे आकारमान बदलते, मोजणीत चुका होतात, म्हणून काही फरक गृहीत धरलेला होता. महिन्याच्या उलाढालीच्या एक टक्का अधिक १३० गॅलन एवढी तफावत आढळली तरच संशयाला जागा. आता ज्या पंपावर महिन्याला एक लाख गॅलन इंधन खपते तेथे हा हिशेब करून पाहावा. ११३० गॅलन, म्हणजे चार हजार लिटरांहून अधिक इंधन, एका महिन्यात नाहीसे होईपर्यंत नियमाप्रमाणे काहीच बिघडलेले नसते! अर्थात या पद्धतीबरोबर ठराविक वर्षांनी टाकीची दाबचाचणी सक्तीची होती आणि ही सवलत मर्यादित काळापुरतीच होती. तरीही लहानशा छिद्रातून रात्रंदिवस झिरपणारी गळती या वहीत कधीच उमटत नसे. तेव्हा मालकाला ती ठाऊक नव्हती हा युक्तिवाद दर वेळी खोटा असेल असे मानण्याचे कारण नाही.

नियम आले तसा खर्चही आला. १९८८ च्या धोरणानुसार प्रत्येक पंपमालकाला, गळती झाल्यास सफाईचा आणि शेजाऱ्यांच्या भरपाईचा खर्च आपण उचलू शकतो असे दाखवून देणे आवश्यक झाले. इंधनविक्रीचा व्यवसाय करणाऱ्यास एका घटनेसाठी दहा लाख डॉलर, इतर लहान टाकीधारकांस पाच लाख, असे हे प्रमाण होते. मोठ्या तेल कंपनीला ही रक्कम आपल्या ताळेबंदातून दाखविता येई. हमरस्त्याच्या कडेला दोन यंत्रे चालविणाऱ्या कुटुंबाने काय करावयाचे? विमा कंपन्या जुन्या पोलादी टाकीचे नाव काढताच दार लावून घेत. एका साध्या गळतीच्या सफाईला सरासरी लाख-दीड लाख डॉलर लागतात. भूजलापर्यंत ती पोचली तर आकडा कोठवर जाईल याला धरबंध नाही. अशा वेळी राज्य सरकारांनी पुढाकार घेऊन इंधनावरील शुल्कातून स्वतःचे निधी उभारले आणि ‘आमच्या निधीचे संरक्षण हाच तुमचा विमा’ असे मालकांना सांगितले. अमेरिकेत आज कितीतरी पंप व त्यांना जोडलेली दुकाने भारतीय वंशाच्या, विशेषतः पंजाबी व गुजराती, कुटुंबांकडे आहेत. त्यांना हा निधी म्हणजे केवळ सरकारी योजना वाटत नाही. पंप विकत घेताना त्याच्याखालच्या जमिनीचा इतिहास काय आहे आणि ती जागा निधीस पात्र आहे काय, ही चौकशी तेथील व्यवहारात महत्त्वाची ठरते.

पात्रतेचा प्रश्न सर्वांत तपशिलाने हाताळला तो कॅलिफोर्नियाने. त्या राज्यात या कायद्याचा उगम पेट्रोलमध्ये नसून इलेक्ट्रॉनिक उद्योगात आहे, ही एक गमतीची गोष्ट. सान होजे शहरात अर्धवाहकांच्या एका कारखान्याच्या भूमिगत टाकीतून रासायनिक द्रावक गळून जवळच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत पोचल्याचे १९८१ च्या अखेरीस आढळले आणि पुढील वर्षी ते जगजाहीर झाले. ज्या उद्योगाला धूर नाही, राख नाही, तो स्वच्छ, अशी समजूत असलेल्या नागरिकांना हा धक्काच होता. त्यातून १९८३ मध्ये राज्याचा टाक्यांविषयीचा कायदा आला. १९८४ पासून स्थानिक यंत्रणेचा परवाना घेतल्याशिवाय टाकी चालविण्यास मनाई झाली. म्हणजे वॉशिंग्टनच्या आधी कॅलिफोर्निया जागे झाले होते. पुढे १९८९ मध्ये बॅरी कीन या राज्य सिनेटरच्या नावाने सफाई निधीचा कायदा संमत झाला आणि १९९१ पासून साठविलेल्या इंधनाच्या प्रत्येक गॅलनवर शुल्क घेण्यास सुरुवात झाली.

या निधीची रचना समजून घेण्यासारखी आहे. अर्जदारांचे चार वर्ग पाडण्यात आले. पहिल्यात घरगुती टाकीचे धनी, दुसऱ्यात छोटे व्यावसायिक आणि लहान सार्वजनिक संस्था, तिसऱ्यात पाचशेपेक्षा कमी नोकर असलेले मालक, आणि शेवटी उरलेले सगळे, म्हणजे मुख्यतः बड्या कंपन्या. पैसा अपुरा असेल तर आधी वरच्या वर्गाचे दावे, मग खालच्यांचे. घरगुती टाकीवाल्याला स्वतःचे काही भरावे लागत नाही; इतरांना सफाई खर्चाचा पहिला काही हजार डॉलरांचा हिस्सा स्वतः सोसावा लागतो. जुन्या दाव्यांना एका घटनेमागे पंधरा लाख डॉलरांपर्यंत मदतीची मर्यादा होती. नंतरच्या काळातील दाव्यांना ती दहा लाखांवर आणली गेली. शुल्क सर्वांकडून सारखे आणि मदतीत लहानांना अग्रक्रम, हे तत्त्व भांडवलशाहीच्या माहेरघरात कायद्याने मान्य झाले, याची नोंद घ्यावयास हरकत नाही.

परंतु पैसे मिळण्याच्या वाटेवर एक अट उभी होती. अर्जदाराने टाकीच्या परवान्याविषयीच्या तरतुदी पाळलेल्या असल्या पाहिजेत. या अटीमागील विचार चुकीचा नव्हता. निधी हा काही धर्मादाय पेटीतून आलेला पैसा नव्हे. तो परवाना घेऊन, नोंद करून, गॅलनमागे शुल्क भरणाऱ्यांनी जमविलेला आहे. ज्याने परवाना टाळला त्याने बहुधा शुल्कही टाळले, तपासणीही टाळली, आणि गळती वेळीच पकडली जाण्याची शक्यताही टाळली. विम्याचा हप्ता कधीच न भरता घर जळाल्यावर भरपाई मागणाऱ्याला आपण जे उत्तर देऊ तेच याला द्यावे, असे कोणी म्हटले तर त्याला निरुत्तर करणे कठीण आहे.

तथापि हा दाखला अर्ध्या वाटेवर थांबतो. घर जळाले तर नुकसान घरधन्याचे होते. टाकी गळली तर टाकीवाल्याचे नुकसान थोडे आणि शेजाऱ्याचे फार. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते भूजलाच्या पातळीवर तवंगासारखे पसरते. त्यातील बेंझीनसारखी द्रव्ये पाण्यात विरघळून त्याच्याबरोबर वाहत जातात. पिण्याच्या पाण्यात एका लिटरमागे पाच मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक बेंझीन असता कामा नये, असा अमेरिकेतील दंडक आहे. एवढ्यावरून त्याची तीव्रता ध्यानात यावी. हे पाणी पुढच्या गल्लीतील कूपनलिकेत पोचते तेव्हा मूळ टाकीला परवाना होता की नव्हता याची चौकशी करीत नाही. परवानाहीन मालकाला मदत नाकारली आणि तो दिवाळखोर झाला, तर कायद्याचा मान राहिला असे आपण म्हणू. पण दंड कोणी भोगला? ज्याने कधी टाकी पुरली नाही अशा माणसाने.

शिवाय परवाना न घेणारे सगळेच लबाड नसतात, हेही तेथे लौकरच ध्यानात आले. बड्या तेल कंपनीत परवान्यांची नूतनीकरणे सांभाळण्यासाठी स्वतंत्र कचेरी असते. ट्रकांचा छोटा तळ चालविणारा, वडिलांच्या पश्चात गॅरेज सांभाळणारा, बंद पडलेल्या पंपाची जागा दुकानासाठी घेणारा, अशांना आपल्या टाकीस नवा परवाना लागतो हे कित्येकदा ठाऊकही नसे. कायद्याचे अज्ञान ही सबब होऊ शकत नाही हे न्यायालयातील तत्त्व योग्यच आहे. परंतु जो कायदा अगदी नवा आहे आणि ज्याचा विषय जमिनीखाली पुरलेला आहे त्याला ते किती कठोरपणे लावावयाचे, याचा विचार विधिमंडळाने करावयाचा असतो. आणि कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तो केला, हे मला विशेष वाटते.

त्यांनी काढलेला तोडगा असा. परवान्याची आवश्यकता १ जानेवारी १९९० पूर्वी अर्जदाराला ठाऊक नव्हती आणि परवाना किंवा त्याचे शुल्क बुडविण्याचा त्याचा हेतू नव्हता, असे दिसून आले, तर त्याला या अटीतून सूट मिळू शकते. पण अर्ज करण्यापूर्वी त्याने आज लागणारे सर्व परवाने काढले पाहिजेत, थकलेले शुल्क, व्याज आणि दंड चुकता केला पाहिजे. आणि एवढे करूनही सफाई खर्चातील त्याचा स्वतःचा हिस्सा इतरांच्या दुप्पट राहील, तोही दहा हजार डॉलरांपेक्षा कमी नाही. अज्ञानाला क्षमा आहे, पण ती फुकट नाही. आणि ज्याने जाणूनबुजून टाळले त्याला क्षमा नाही. परवानाधारकाला आपण फसलो असे वाटू नये एवढे अंतर राखले, आणि चुकलेल्याला पुढे येऊन सांगण्याची वाटही ठेवली.

या तरतुदीत उणिवा नाहीत असे नव्हे. एखाद्याला एखादी गोष्ट अमुक तारखेपूर्वी ठाऊक नव्हती हे सिद्ध कसे करावयाचे? ज्याचा वकील चांगला त्याचे अज्ञान अधिक विश्वासार्ह ठरण्याचा धोका येथे आहे. १९९० नंतर जमीन विकत घेणाऱ्याला खणताना जुनी टाकी सापडली, तर तारखेचा हा निकष त्याला कसा लावावयाचा, अशासारखे पेच निघणारच. परंतु याच राज्यात आणखी एक खाते आहे, त्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे. आणीबाणीच्या, बेवारस आणि अडेलतट्टू मालकांच्या जागांसाठी ते राखून ठेवलेले असून तेथे शासकीय यंत्रणाच सफाई करू शकते. म्हणजे अपात्र ठरलेल्या मालकाच्या जागेवरही कोणीच काही करू नये अशी स्थिती राहत नाही. मालक पात्र आहे काय, हा एक प्रश्न; जागा साफ व्हावी काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असले म्हणून दुसऱ्याचेही तेच असले पाहिजे असे नाही. माझ्या मते साऱ्या अमेरिकन प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

याच्या उलट टोकाला फ्लॉरिडा गेले. त्या राज्यातील सुमारे नव्वद टक्के लोकांचे पिण्याचे पाणी जमिनीखालून येते, त्यामुळे तेथे घाई असणे स्वाभाविक होते. १९८६ च्या कायद्याने सरकारने जणू अभयदानच दिले: १९८८ अखेर जो आपली गळती स्वतःहून कळवील त्याची सफाई राज्याच्या खर्चाने होईल. मालक हजारोंनी पुढे आले. लपलेली गळती उजेडात आणण्याचा याहून परिणामकारक उपाय कोणी काढला नसेल. परंतु पुढे मालकांनी खाजगी कंत्राटदारांकडून आधी काम करून घ्यावयाचे आणि मग सरकारकडे बिल पाठवावयाचे, अशी पद्धत रूढ झाली. बिल दुसऱ्याने भरावयाचे असले की माती किती खणावी याला मर्यादा राहत नाही. १९९५ पर्यंत निधीवर पन्नास कोटी डॉलरांच्या वर देणे चढले आणि विधिमंडळाला ही पद्धत बंद करून पूर्वमंजुरीची व्यवस्था आणावी लागली. त्याच वर्षी मिशिगनचा निधीही दिवाळखोरीत निघाला. कॅलिफोर्नियाही यातून सुटले नाही. २००८-०९ मध्ये तेथील निधीची गंगाजळी आटून देणी थांबली आणि गॅलनमागील शुल्क तात्पुरते वाढवून दोन सेंट करण्याची पाळी आली. काम करून बसलेल्या लहान मालकांची त्या काळात काय अवस्था झाली असेल याची कल्पना केलेली बरी.

पैशाच्या या ओढाताणीतून आणखी एक वाद निघाला: किती साफ म्हणजे साफ? १९९५ मध्ये लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी असे दाखविले, की पेट्रोलची गळती पुष्कळ ठिकाणी फार दूर जात नाही. मातीतील जंतूच ती खाऊन टाकतात. तेव्हा प्रत्येक ठिकाणी लाखो डॉलर खर्चण्याचे कारण नाही. हा निष्कर्ष बाहेर पडतो न पडतो तोच सान्ता मोनिका शहराच्या विहिरींत ‘एमटीबीई’ हे द्रव्य सापडले. हवा स्वच्छ राहावी, पेट्रोल नीट जळावे, म्हणून ते पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. ते पाण्यात सहज विरघळते, जंतू त्याला सहसा तोंड लावीत नाहीत, आणि अगदी अल्प प्रमाणातही पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव आणते. १९९६ मध्ये त्या शहराला विहिरी बंद करून आपल्या पाणीपुरवठ्याचा निम्मा भाग गमवावा लागला. मुख्य विहिरींवरील शुद्धीकरण केंद्र सुरू होण्यास २०१० साल उजाडले. हवेसाठी केलेला उपाय पाण्याच्या मुळावर आला. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये त्याच्या बंदीचा निर्णय घेतला व २००४ पासून ती अमलात आली.

परवान्याला खरी धार आली ती २००५ च्या संघीय कायद्याने. टाक्यांची दर तीन वर्षांनी तपासणी आणि चालकांना प्रशिक्षण हे तर त्यात आहेच. पण सर्वांत साधी आणि परिणामकारक तरतूद निराळी आहे. जी टाकी नियमांत बसत नाही तिच्यात इंधन ओतण्यासच मनाई करता येते. अनेक राज्यांत अशा टाकीच्या भरणनळाला लाल खूणचिठ्ठी लावली जाते; ती दिसली की टँकरवाल्याने परत फिरावयाचे. नियम मोडणाऱ्याला शिक्षा हवी ती अशी. तिचा चटका मालकाच्या गल्ल्याला त्याच दिवशी बसतो आणि शेजाऱ्याच्या विहिरीला बसत नाही. सफाई निधी नाकारणे ही शिक्षा मात्र गळती होऊन गेल्यावर, आणि बहुधा चुकीच्या माणसाला, होते.

आता आपल्याकडे वळू. भारतातील पेट्रोल पंपांची संख्या एक लाखाच्या घरात गेली आहे. त्यांच्या साठवणुकीचा परवाना १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि २००२ चे नियम यांखाली मिळतो. तो देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. या कायद्याची दृष्टी मूलतः आग आणि स्फोट यांवर खिळलेली आहे. टाकी व इमारत यांत अंतर किती, ठिणगीला वाव कोठे, हे त्यात बारकाईने पाहिले जाते, आणि ते पाहिलेच पाहिजे. पण अमेरिकेत १९८० पूर्वी जे घडले त्याच वाटेवर आपणही आहोत: आगीपासून वाचण्यासाठी इंधन पुरले आणि पाण्याचा विचार मागाहून सुचला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, रुग्णालये व वस्ती यांपासून पन्नास मीटरांचे अंतर, अडचण असल्यास अधिक सुरक्षिततेसह तीस मीटर, वाफा परत गोळा करण्याची व्यवस्था, गळतीविषयी खबरदारी, असे त्यांचे स्वरूप आहे. ही सुरुवात चांगली आहे. मात्र तिचा मुख्य रोख नव्या पंपांवर आहे, आणि गंजतात त्या जुन्या टाक्या.

निधीचे काय? भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला. त्याखाली विम्याच्या हप्त्याइतकीच रक्कम भरून घेऊन पर्यावरण मदत निधी उभारण्यात आला. त्या कायद्याची मूळ कल्पना अपघातग्रस्ताला तातडीची मदत देण्याची होती. मृत्यूसाठी पंचवीस हजार रुपये हे त्यातील मूळ प्रमाण. वर्षानुवर्षे सावकाश झिरपणाऱ्या टाकीला ‘अपघात’ म्हणता येत नाही. शेकडो कोटी रुपये या निधीत साचले आणि त्यांतून वाटप झाले ते नाममात्र, ही गोष्ट वेळोवेळी उघड झाली आहे. फ्लॉरिडाचा निधी उधळपट्टीने बुडाला. आपला न वापरल्यामुळे फुगला. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले. प्रदूषण करणाऱ्याने खर्च द्यावा, आणि तो सापडत नसेल तर शासनाने भार उचलावा, हे तत्त्व त्यांत आले आहे. त्यांचा हात नाक्यावरील पंपापर्यंत पोचतो काय, हे अंमलबजावणीतच दिसेल.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे. वाळूच्या थरात पाणी सरळ एका दिशेने सरकते, त्यामुळे गळती कोठवर गेली असेल याचा अदमास बांधता येतो. बेसाल्टमध्ये पाणी भेगांतून आणि सांध्यांतून वाट काढते. पंपाला लागून असलेली विहीर शुद्ध आणि अर्ध्या फर्लांगावरील कूपनलिका दूषित, असे येथे घडू शकते. आणि मग कोणाच्या टाकीकडे बोट दाखवावयाचे हे भूगर्भतज्ज्ञालाही सहज सांगता येत नाही. जेथे दोषी ठरविणेच दुष्कर तेथे दोषीकडून वसुलीवर विसंबून राहणारी व्यवस्था तोकडीच पडणार.

अमेरिकेचा संघीय कर हा दर लिटरला आपल्या हिशेबाने दोन-सव्वादोन पैसे पडतो. भारतात पेट्रोल आणि डिझेल मिळून वर्षाला सोळा हजार कोटी लिटरांच्या आसपास खपतात. लिटरमागे एक पैसा घेतला तरी वर्षाला दीडशे कोटींहून अधिक रुपये जमा होतील. असा निधी कधी काळी झाला, तर पहिली दोन वर्षे जुन्या टाक्यांच्या मालकांना स्वतःहून नोंद करण्यास द्यावीत. परवान्यात त्रुटी असलेल्यांना दुप्पट हिस्सा लावून आत घ्यावे, पण बिले पूर्वमंजुरीशिवाय मान्य करू नयेत. आणि जाणूनबुजून टाळणाऱ्यांच्या जागा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने साफ करून खर्च जमिनीवर बोजा म्हणून चढवावा. सात-बारावर बोजा चढविण्याची पद्धत आपल्या तलाठ्यांना शिकवावी लागणार नाही.